एकोणीस पायऱ्या

"घाटाला पायऱ्या किती आहेत, वहिनी?"

तांबवेकर अण्णांनी हे विचारलं तेव्हा वाचनालयाच्या सभागृहात आम्ही तिघंच होतो. अण्णा, मी आणि वाचनालयाच्या कार्यवाह शिर्केबाई. समोरच्या भिंतीवर माझं कापड टांगलेलं होतं. मांजरपाटावर दोऱ्याने भरलेला आमच्या शिरटोळी गावाचा नकाशा. निळ्या साखळीटाक्याची कृष्णा, तपकिरी धावदोऱ्याचे रस्ते, देवळांच्या जागी भगव्या गाठी, आणि उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत माझं नाव : सौ. प्रमिला सोनटक्के.

"एकवीस," मी म्हणाले.

मला आठवावं लागलं नाही. लग्न होऊन या गावात आले त्या वर्षापासून रोज पहाटे मी घाट उतरते आणि दर पायरीला गणपतीचं एक नाव घेते. एकवीस नावं, एकवीस पायऱ्या. पावसाळ्यात खालच्या पायऱ्या पाण्यात जातात, तेव्हा त्यांची नावं वरच उभं राहून घ्यायची. पण नेम चुकवायचा नाही.

"मग हे मोजा," अण्णा म्हणाले.

त्यांना दिसत कमी होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नाक कापडाला टेकेल इतके ते वाकले होते आणि घाटाच्या जागी त्यांचं बोट होतं. मी पुढे झाले. पांढऱ्या दोऱ्याच्या आडव्या पायऱ्या, मीच घातलेल्या. खालपर्यंत मोजल्या. पुन्हा वरून मोजल्या.

एकोणीस.

"टाका मात्र फार सुरेख आहे हो," असं म्हणून अण्णांनी काठी उचलली आणि हळूहळू निघून गेले.

"काय काढलं म्हाताऱ्याने?" शिर्केबाईंनी विचारलं. "पायऱ्या कोण मोजणार आहे? तुम्ही नका मनावर घेऊ. पाडव्याला वाचनालयाला शंभर वर्षं होतायत. पंधरा पाहुणे, पंधरा नकाशे. समितीने मंजूर केलंय. शिवाय लोक विकत मागतायत ते वेगळंच. काल मोहित्यांची अमेरिकेतली मुलगी दोन सांगून गेली. तुम्ही फक्त सुई चालवा, प्रमिलाताई."

मी मान हलवली. माझ्या हातचं काही विकलं जायची ती पहिलीच वेळ होती. तोवर मी भरलेलं सगळं नणंदांच्या रुखवतात आणि भाच्यांच्या दुपट्यांवर गेलं होतं. नावासकट भिंतीवर काही लागलं ते हेच. समितीने ते पाहून माझ्या नावाचं पत्र काढलं तेव्हा ह्यांनी ते पत्र दुकानाच्या काचेला चिकटवलं होतं.

पायऱ्या एकोणीस कशा झाल्या, ते मला तिथेच उभ्या उभ्या कळलं होतं.

आमचं स्टँडजवळ वह्या-पेनांचं दुकान. काउंटरखाली अण्णांनी काढलेल्या गावाच्या नकाशाचा एक गठ्ठा कित्येक वर्षं पडून होता. अण्णा भूमापन खात्यात नकाशे काढायला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतः गाव मोजून हा नकाशा छापून घेतला आणि गावातल्या दुकानांत विकायला ठेवला. कोण घेणार? शिरटोळीत कुणाला शिरटोळीचा रस्ता विचारावा लागत नाही. त्यातला एक मी घरी आणला. खिडकीच्या काचेवर कागद, कागदावर कापड, आणि उजेडात दिसेल ती रेघ पेन्सिलीने गिरवली. भरताना मी घाट भरत नव्हते. रेघ दिसेल तिथे सुई जात होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे घाटावर गेले. नावं घेत उतरले. अठरावं, एकोणिसावं, मग विसावं, एकविसावं. परत येताना नेहमीसारखी अण्णांच्या फाटकाशी थांबले.

त्यांच्या अंगणात लाल जास्वंद आहे. माझा एक नेम असा की देवाला वाहायचं फूल न विचारता तोडायचं नाही. फांदी रस्त्यावर आलेली असली तरी नाही. त्यामुळे अकरा वर्षं रोज मी त्या फाटकाशी उभी राहून विचारायची, "अण्णा, फुलं घेऊ का?" आणि आतून आवाज यायचा, "घ्या." पाच फुलं घ्यायची आणि निघायचं. पूर्वी त्यांच्या पत्नी, माई, बाहेर येऊन हसायच्या. "रोज काय विचारायचं ते, प्रमिला! झाड पळून जाणार आहे का?" माई गेल्या त्यानंतरही अण्णांचा "घ्या" चुकला नव्हता.

त्या दिवशी मी उभी राहिले, पण विचारलं मात्र नाही.

"वहिनी?" आतून आवाज आला. "चपला थांबलेल्या ऐकू आल्या. आज विचारलं नाहीत?"

मी तशीच घरी आले. गणपतीला नुसत्या दूर्वा वाहिल्या आणि पोथी उघडली. रोज एक अध्याय वाचायचा, खूण पुढे सरकवायची. खुणेला कागदाची एक पट्टी होती. नकाशा माझ्या चौकटीत बसेना, म्हणून खालची कड मी कात्रीने कापली होती. कागद जाड, टाकायचा कशाला, म्हणून पट्टी पोथीत घातली होती. दोन महिने ती रोज माझ्या बोटांतून जात होती, कोरी बाजू वर.

मी ती उलटली.

'मोजणी व रेखाटन : का. वि. तांबवेकर, शिरटोळी. सर्व हक्क राखीव. लेखी परवानगीशिवाय नक्कल करू नये.'

त्या दिवशीचा अध्याय मी पुढे वाचूच शकले नाही. दुपारी वाचनालयातून ते कापड उतरवून घेतलं, "जरा दुरुस्ती आहे" म्हणाले, आणि पट्टी नि कापड घेऊन अण्णांकडे गेले.

अण्णा ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. मी दोन्ही गोष्टी त्यांच्या पुढ्यात ठेवल्या.

"हे तुमचं आहे," मी म्हणाले. "मी न विचारता घेतलं. वर माझं नावही घातलं."

अण्णांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली. मग खो खो हसायलाच लागले.

"कुठे होती ही?"

"पोथीत."

"पोथीत! माई असती तर म्हणाली असती, बघा, शेवटी तुमचं नाव पोथीत गेलं." हसू आवरून ते म्हणाले, "बसा. शेंगा खा. आज तुमचा उपास तर नाही?"

"आज आहे."

"तुमचा कधी नसतो?" त्यांनी शेंगा स्वतःकडे ओढल्या. "वहिनी, पाच फुलांसाठी तुम्ही अकरा वर्षं रोज विचारलंत. अख्खं गाव नेताना नाही विचारलंत."

मी पट्टी उचलून कापडावर सरळ ठेवली.

"मला वाटलं," मी हळूच म्हणाले, "नकाशा म्हणजे काय, गावच तर आहे. रस्ते आहेत तिथेच आहेत. ते तुमचे कसे?"

"अगदी बरोबर! रस्ता माझा नाही, नदी माझी नाही. उद्या कुणी उठून स्वतः मोजून शिरटोळीचा नकाशा काढला तर मी कोण अडवणार? पण ते कागदावर कसं आणायचं, काय ठेवायचं, काय सोडायचं, कुठे वळवायचं, ती रेघ माझी. तुम्ही घरात लावायला भरलं असतंत तर मी चहा प्यायला आलो असतो आणि कौतुक करून गेलो असतो. विकायचं म्हटलं की विचारावं लागतं. मलाही लागलं." ते उठून आत गेले आणि एक पिवळी फाईल घेऊन आले. "वाचा."

मी वाचलं. नदीचं वळण त्यांनी सरकारी नकाशावरून घेतलं होतं. त्यासाठी अर्ज, स्मरणपत्र, आणखी एक स्मरणपत्र, फीची पावती, आणि शेवटी दोन ओळींचं परवानगीचं पत्र.

"ज्या खात्यात अडतीस वर्षं काढली, त्याच खात्याला अर्ज केला," अण्णा म्हणाले. "साहेब म्हणाला, तांबवेकर, तुम्हीच तर काढलाय हा. मी म्हटलं, नोकरीत काढला, तो सरकारचा."

"मग मलाही द्या परवानगी. जे काही द्यायचं असेल ते देईन, तुमचं नाव भरीन."

"देतो की. कागद आणा, दोन मिनिटांत लिहून देतो." मग ते थांबले. "पण पायऱ्या एकोणीसच राहतील. माझ्या तेवढ्याच आहेत. तुम्हाला चालेल?"

मी कापडावरच्या घाटाकडे पाहिलं.

"मी पाहिलं तसं मी काढलं," अण्णा म्हणाले. "तुम्ही रोज एकवीस उतरता आणि एकोणीस भरता. तुम्ही मी पाहिलेलं काढलंत, वहिनी."

"मग तुमच्या एकोणीस का?"

"ते सांगेन कधीतरी," म्हणाले आणि पुन्हा शेंगा सोलू लागले.

रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. हे चक्रावलेच. "अगं, ते द्यायला तयार आहेत ना? मग सही घे आणि मोकळी हो. पाडव्याला सात आठवडे राहिलेत."

"सही घेऊन नाही करायचं मला. चालून करायचंय."

"चालून? गाव मोजणार तू? कशाने?"

"पावलांनी."

ह्यांनी भाताचा घास हातातच धरून माझ्याकडे पाहिलं. "शिर्केबाई ऑर्डर रद्द करतील हं."

"करू देत."

शिर्केबाईंनी जवळजवळ तेच केलं. पंधरा नकाशे होणार नाहीत म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला, मग तापला. "त्यांची सही मी आणते, प्रमिलाताई! कशाला एवढा घोळ?" मी दोनदा 'नको' म्हणाले. मला जोरात बोलता येत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं की मी अजून विचार करतेय. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा त्यांना पटलं. समितीने ठरवलं : पाडव्याला एक कापड आणा, सभागृहात लावण्याजोगं झालं तर घेऊ, नाहीतर ऑर्डर संपली.

अण्णांना सांगितलं तर ते एकदम ताठ बसले. "जप करताना चालता ना तुम्ही? पाऊल सारखं पडतं?"

"दर पावलाला एक नाम."

"अहो, मग झालं की! आम्ही त्याला पावलांची मोजणी म्हणतो. नव्या पोरांना शिकवताना घाम फुटायचा, एकाचं पाऊल दुसऱ्यासारखं नाही पडायचं. तुम्ही वीस वर्षं तालीम करून बसलाय." त्यांनी पेटीतून होकायंत्र काढून दिलं, वळणावर सुई कशी बघायची ते शिकवलं, आणि बजावलं, "माझा नकाशा आता उघडायचा नाही. चुकलात तरी तुमचंच चुकू दे."

दुसऱ्या दिवसापासून मी गाव चालायला लागले. हातात माळ. एकशे आठ पावलं झाली की एक माळ. कापडावर एका माळेला एक बोट, असं माप धरलं. आमच्या घरापासून मारुती चार माळा आणि बारा मणी. मारुतीपासून स्टँड सात माळा. जपात बोलायचं नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. भाजीवाल्या सकीनाभाभीने विचारलं, "क्या हुआ दीदी, गुस्सा है क्या?" मी बोट दाखवून खुणा करत राहिले आणि मोजणी विसरले. परत मारुतीपासून सुरुवात.

चौथ्या दिवशी वळून पाहिलं तर मागे दहा पावलांवर हे. दुकान बंद, हातात वही, कानाला पेन्सिल.

"माळ झाली की हात वर कर," हे म्हणाले. "मी रेघ ओढतो. आणि कुणी बोलायला आलं तर मी बोलतो. तू फक्त देवाचं नाव घे."

ह्यांच्याइतकं बोलणारा माणूस गावात दुसरा नाही, त्यामुळे ते काम उत्तम झालं. अडीच आठवडे आम्ही असे फिरलो, पुढे मी गप्प, मागे हे सगळ्यांशी गप्पा मारत. गावात चर्चा झाली की सोनटक्केवहिनींनी नवऱ्याशी अबोला धरलाय आणि तो बिचारा मनधरणी करत मागे फिरतोय. मग मी चौकटीला कापड लावलं आणि भरायला बसले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी शेवटची गाठ मारली. शिर्केबाईंकडे न्यायच्या आधी ते अण्णांकडे नेलं. त्यांनी 'नाही' म्हटलं असतं तर मी कापड वाचनालयात नेलंच नसतं, हे मी मनाशी ठरवलं होतं. ह्यांनाही सांगितलं नव्हतं.

अण्णांनी कापड मांडीवर पसरलं. त्या दोन महिन्यांत त्यांची नजर आणखी उतरली होती. ते बघतच नव्हते. डोळे मिटून बोट फिरवत होते. स्टँडवरून निघाले, मारुतीशी आले, देसाई गल्लीत शिरले आणि थबकले.

"ही गल्ली वाकडी आहे तुमची."

"गल्लीच वाकडी आहे, अण्णा."

"माझी सरळ होती."

"तुमच्यानंतर देसायांनी ओटा बाहेर काढलाय. दीड पाऊल."

"काढला का शेवटी!" अण्णा मांडीवर थाप मारून म्हणाले. "तीस वर्षं म्हणत होता काढीन काढीन." बोट पुढे निघालं. बोट घाटाशी आलं आणि वरून खाली उतरायला लागलं. त्यांचे ओठ हलत होते. सतरा. अठरा. एकोणीस.

तिथे बोट थांबलं. मग खाली गेलं. वीस. एकवीस.

बोट त्यांनी तिथेच टेकवून ठेवलं.

"तेव्हा श्रावण होता," ते म्हणाले. "नदी चढलेली. मी घाटाच्या वर टेपचं एक टोक धरून, आणि दुसरं टोक माईकडे. सगळं गाव आम्ही असंच मोजलं, दुसरं टोक नेहमी तिच्याकडे. ती उतरत उतरत पाण्यात शिरली. गुडघाभर पाणी, लुगडं धरलेलं, आणि तिथून ओरडली, 'अहो, इथे अजून दोन आहेत! पायाला लागतायत!' मी वरून म्हटलं, मला दिसत नाहीत. मी दिसतं तेवढंच काढतो. ती म्हणाली, 'मी उभी आहे त्यावर, आणखी काय दिसायला हवंय?'"

ते हसले.

"नाही घातल्या. हट्ट! नंतर पाणी उतरल्यावर बघितल्या, पण तोवर नकाशा छापून झाला होता. म्हटलं, दुसऱ्या छपाईला घालू. दुसरी छपाई कसली होतेय, तुमच्या दुकानातला गठ्ठाच संपेना. दर वर्षी दिवाळीला ती विचारायची, 'माझ्या दोन पायऱ्या कधी बांधताय?'"

फाटकाशी जास्वंदीवर चिमण्या कलकलत होत्या. अण्णा उठले, भिंतीवरचा आपला नकाशा खिळ्यावरून काढला, काच बाजूला केली आणि कागद माझ्यासमोर ठेवला. खिशातून पेन्सिल काढली. टोक बोटाने चाचपून पाहिलं.

"वहिनी," ते म्हणाले, "माझा हात तेवढा जागेवर नेऊन ठेवा. आणि या दोन पायऱ्या मी तुमच्या नकाशातून घेऊ का?"

"पायऱ्या कुणाच्याच नसतात म्हणालात ना तुम्ही?"

"नसतातच. पण मोजल्या तुम्ही. विचारून घेतलेलं बरं."

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. माझं ते कापड अजून वाचनालयात आहे. त्यानंतर मी किती नकाशे भरले, विकले, त्याची गणती नाही. प्रत्येक गाव मी आधी चालले. पहिलं, एकोणीस पायऱ्यांचं कापड अण्णांच्या पलंगाशी शेवटपर्यंत टांगलेलं होतं, नि ती पट्टी अजून माझ्या पोथीत आहे, आता नाव वर करून.

पण त्या दुपारी ओट्यावर त्यांचा तो पेन्सिल धरलेला हात मी माझ्या हातात घेतला, एकोणिसाव्या पायरीच्या खाली नेऊन टेकवला, आणि म्हणाले,

"घ्या."